शंभर हाकांना किती ओ

कळंब,
९ जून २०२४

चि. शिवकन्येस आशीर्वाद.

आधी यादी वाच. स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू: तीन बँडचा रेडिओ एक, वयाच्या सतराव्या वर्षी. व्होल्टेज स्टॅबिलायझर एकतीस. त्यातले एकोणीस आजही चालू आहेत, कुणाकुणाच्या घरी ते सांगू शकतो. अंडी उबवायची पेटी, साठ अंड्यांची. सासऱ्यांच्या डाव्या कानाचं मशीन. मोटारींचं वाइंडिंग किती केलं ते मोजलेलं नाही. आणि तुझ्या वडिलांच्या शाळेची आपोआप वाजणारी घंटा.

ही यादी एवढ्यासाठी, की तू फोनवर म्हणालीस, "मामा, धाराशिवहून एखादा इंजिनिअर बोलवू का?" बोलव. पण आधी हे पत्र वाच. आठवीनंतर मी शाळेत गेलो नाही हे खरं. शिकायचं थांबलो असं कुणी सांगितलं?

फोन आहे तरी पत्र का, असंही विचारशील. फोनवर माप सांगितलं की ऐकणारा व्हय-व्हय म्हणतो आणि साडेचारचं चार करतो. कागद तसं करत नाही.

मला समजलं ते असं. चुकलं असेल तर कळव. एप्रिलात दाजींना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोकं आणि डावा हात शाबूत. ते मागच्या खोलीत खाटेवर असतात. तू पुढच्या खोलीत, कारण मोबाइलची रेंज तिथंच येते, आणि पुण्याच्या कंपनीचं ऐकून टाइप करायचं तुझं काम रेंजशिवाय होत नाही. अक्का दिवसा शेतात. गेल्या महिन्यात दाजी खाटेवरून घसरले आणि तासभर ताट वाजवत फरशीवर पडून राहिले. तुझ्या कानाला हेडफोन. आणि तेरखेड्यात फटाक्यांच्या कारखान्यांचे बार वाजत असताना ताटाला कोण विचारतो? आता उत्कर्ष म्हणतो, दिवाळीपर्यंत काही सोय झाली नाही तर बाबांना पुण्याला नेणार. दाजींना जायचं नाही.

मी पाठवलेल्या घंटीची तार कोठीच्या खोलीत उंदरांनी तीनदा तोडली. तसंही घंटी नुसतं 'ये' म्हणते, कशाला ये ते सांगत नाही. दाजी मास्तर माणूस, त्यांना वाक्य लागतं. म्हणून बिनतारी. घरात कॉम्प्युटर दोन आहेतच, तुझा आणि उत्कर्षचा जुना. सोबत दुरुस्त केलेला राउटर आणि यूएसबीत खोचायची वायफायची काडी पाठवतो. राउटर तुझ्या टेबलावर, काडी दाजींच्या कॉम्प्युटरला. इंटरनेट लागत नाही, ते वेगळं आणि हे वेगळं. तुझ्या कॉम्प्युटरला पत्ता दे १९२.१६८.१.२, दाजींच्याला शेवटी ३. पहिले तीन आकडे म्हणजे गल्ली, शेवटचा घर नंबर. दोन्हीकडची फायरवॉल या गल्लीपुरती मोकळी कर. निरोपाचा प्रोग्राम सीडीवर आहे. दाजींनी लिहिलं की तुझ्या पडद्यावर मधोमध उमटेल.

मग परीक्षा. काळ्या खिडकीत पिंगची आज्ञा दे, शंभरची. म्हणजे तुझा कॉम्प्युटर दाजींच्याला शंभर हाका मारेल. जितक्यांना ओ येईल तितके गुण. गुण लिहून पाठव, 'बरं चाललंय' असं नको. शिवाय मधल्या दोन्ही भिंतींची जाडी, कशाच्या आहेत ते, आणि दोन्ही टेबलांची उंची. टेपनं मोज, वितीनं नाही.

मी स्वतः का येत नाही ते तुला ठाऊक आहे, तरी लिहून ठेवतो. अठरा वर्षांपूर्वी तपासणीचे साहेब बोलत असताना ती घंटा वाजली. दाजी साहेबांसमोर म्हणाले, "आठवी शिकलेल्या मिस्त्रीकडनं काम घेतलं की असं होतं." घंटा बरोबर होती, शिपायानं घड्याळ चुकीचं लावलं होतं. दाजी बोलावतील तेव्हा येईन.

तुझा मामा,
महारुद्र

*

तेरखेडा,
२० जून

ती. मामांस नमस्कार.

इंजिनिअर बोलावला नाही. यादी आईला वाचून दाखवली. म्हणाली, "अंड्याच्या पेटीतनं सात पिल्लं निघाली हुती, ते बी लिही म्हणावं."

मोजमाप: पुढची भिंत दगडमातीची, वीस इंच. मागची विटांची, चौदा इंच, आतून चुन्याचा गिलावा. माझं टेबल एकोणतीस इंच, बाबांचं सव्वीस. मधल्या कोठीत नेहमीसारखी सोयाबीनची पोती आहेत, गेल्या सालची. आई भाव वाढायची वाट बघतेय.

तुम्ही लिहिलं तसं सगळं केलं. गुण अडतीस. निरोप पोचतो, पण चार-चार मिनिटांनी, कधी पोचतच नाही. बाबांचा पहिला निरोप आला: "चहात साखर कमी." तोवर चहा पिऊन झाला होता.

पण मामा, त्यांचं वाक्य दोन महिन्यांनी बघितलं. आईनं पडद्यावर हात फिरवून बघितला.

शिवकन्या

*

कळंब,
१ जुलै

चि. शिवकन्येस आशीर्वाद.

अडतीस म्हणजे नापास. पण कारण सापडलं: चौतीस इंच भिंत. त्यावर उपाय केला आहे.

व्यंकटच्या टेम्पोत एक डबा पाठवतो. तुपाचाच आहे, पण त्यात तूप शोधू नका. आतला व्यास साडेनऊ सेंटिमीटर. बुडापासून सत्तेचाळीस मिलिमीटरवर भोक, त्यात तांब्याची तार, एकतीस मिलिमीटर. तीस नाही आणि बत्तीसही नाही. हा अँटेना. दाजींच्या काडीचा वरचा दांडा फिरवून काढ आणि तिथं याची वायर बसव. डब्याचं तोंड तुझ्या टेबलाकडं. काडीचा दांडा सगळीकडं बोलतो, डबा एकाच दिशेला बोलतो, म्हणून लांब बोलतो.

अक्काला सांग, पिल्लं नऊ निघाली होती. दोन मांजरानं नेली, तो पेटीचा दोष नाही.

महारुद्र

*

तेरखेडा,
१४ जुलै

ती. मामांस नमस्कार.

डबा पोचला. बाबांच्या खिडकीत ठेवलाय, तोंड माझ्या टेबलाकडं. गुण बावन्न!

आता निरोप मिनिटाभरात येतात. काल बाबांनी लिहिलं, "कूस बदलायची आहे." मी लगेच गेले. त्यांचे डोळे भरले, मग रागावल्यासारखं करून पडद्यावरच्या 'कूस'वर बोट ठेवलं. ऊकार दीर्घ आहे का ते बघत होते.

आईनं निम्मीअर्धी तरी पोती घालवायची ठरवलंय. अठरा परवाच ओसरीवर काढली, ती आज व्यंकटबरोबर कळंबला येतायत, हे पत्रही त्याच्याच हाती देते.

शिवकन्या

*

कळंब,
१६ जुलै

चि. शिवकन्येस आशीर्वाद.

व्यंकट पोती उतरवून थेट दुकानात आला. पत्र दुकानातच मोठ्यानं वाचलं. अडतीसचे बावन्न. आता थांबायचं नाही. डबा दोन बोटं डावीकडं फिरव आणि मागं एक वीट दे, म्हणजे तोंड किंचित खाली होईल. तुझं टेबल उंच, दाजींचं खाली, पण दगडाच्या भिंतीत लाट वाकते असा माझा अंदाज आहे. महिन्यानं गुण कळव.

दाजी काही म्हणाले का डब्याबद्दल? नसतील तर राहू दे.

महारुद्र

*

तेरखेडा,
१८ ऑगस्ट

ती. मामांस नमस्कार.

डबा दोन बोटं फिरवला, वीट दिली. गुण चौऱ्याहत्तर.

व्यंकट घाईत आहे, आजही अठरा पोती आहेत. बाबा डब्याबद्दल काही म्हणाले नाहीत. पण रोज माझी गुणांची वही मागून बघतात.

शिवकन्या

*

तेरखेडा,
१५ सप्टेंबर

ती. मामांस नमस्कार.

शहाण्णव. निरोप लिहिता लिहिता येतो. उत्कर्षदादाला कळवलं. तो म्हणाला, "दिवाळीला येऊन बघतो, मग ठरवू." कोठी आता जवळजवळ रिकामी झाली, आई झाडून घेतेय.

बाबांनी तुमच्यासाठी एक वाक्य लिहिलं, तसंच उतरवते: "मामाला विचार, भिंतींशिवाय आणखी काय मोजलं?" मला काही कळलं नाही. तुम्हाला कळलं तर सांगा.

शिवकन्या

*

कळंब,
१७ सप्टेंबर

चि. शिवकन्येस आशीर्वाद.

दाजींना सांग, टेबलंही मोजली. मास्तरांना उत्तरापेक्षा प्रश्न प्यारा.

बातमी आहे. अमरसिंह आडत्याच्या दुकानात व्यंकटनं सांगितलं, "महारुद्रमामाच्या डब्यानं चौतीस इंच भिंत फोडली." अमरसिंह स्वतः चालत दुकानात आला. त्याचं आणि त्याच्या ओळखीच्या आडत्यांचं असं आहे, की पुढं ऑफिस, मागं गोदाम, मध्ये मालाच्या थप्प्या. वजनाच्या कॉम्प्युटरचा आकडा ऑफिसात दिसावा अशी इच्छा, आणि तार टाकली की उंदीर. तेरा गोदामं आहेत. मला म्हणाला, "मामा, पोत्यांतनं जाईल का?" मी म्हणालो, "दगडातनं गेलं, पोत्याचं काय घेऊन बसलात!"

तेरा डबे जमवायला सुरुवात केली आहे. सगळे एकाच व्यासाचे मिळत नाहीत, ही एकच अडचण.

महारुद्र

*

तेरखेडा,
१३ ऑक्टोबर

ती. मामांस नमस्कार.

हे पत्र लिहायला दोन दिवस घेतले. गुण चार. चौदा किंवा चव्वेचाळीस वाचू नका. चार.

परवा नवं सोयाबीन आलं. जुनी उरलेली धरून बहात्तर पोती, कोठी छतापर्यंत भरली. त्या दुपारी आईनं दूध गॅसवर ठेवलं आणि शेजारी गेली. उतू जाऊन आग विझली, गॅस चालूच. स्वयंपाकघर बाबांच्या खोलीला लागून आहे. बाबांनी "गॅस" लिहून पाठवलं. आठ वेळा. माझ्या पडद्यावर एकदाही उमटलं नाही. मी हेडफोन लावून कुणाचं तरी भाषण टाइप करत होते. आई योगायोगानं लवकर परतली. तिनं खिडक्या उघडल्या आणि मग माझ्या नावानं जी ओरडली, ती मला हेडफोनमधून ऐकू आली.

उत्कर्षदादाला आईनं सांगितलं. तो तीस तारखेला गाडी घेऊन येतोय. खाली पाय पसरता येतील अशी गाडी बघितलीय, असं म्हणाला.

आता दुसरी गोष्ट. मामा, रागवा, पण पूर्ण वाचून रागवा. डबा जोडलेलाच नाही. जुलैत तिसऱ्याच दिवशी आईनं तो पुसायला घेतला. "आत नुसती तार हाय गं. चांगला तुपाचा डबा घालवला महारुद्रनं," असं म्हणत तिनं ओढला आणि वायर काडीपाशी तुटली. मी जुना दांडा परत बसवला. तुम्हाला लिहिणारच होते. पण चौदाला मोजलं तर बावन्न. तुमचं पत्र आलं ते इतकं आनंदाचं, की माझ्यानं लिहवेना. तुम्ही दोन बोटं फिरवायला सांगितलंत, मी फिरवला. वीट द्या म्हणालात, दिली. त्यात खोटं काही लिहिलं नाही. पण खरंही लिहिलं नाही.

डबा जोडलेला असता तर कदाचित "गॅस" पोचला असता. दोन दिवस हेच डोक्यात आहे.

शिवकन्या

*

तेरखेडा,
१७ ऑक्टोबर

श्री. महारुद्रराव यांस,

हे पत्र डाव्या हाताने, दोन दिवसांत टाइप केले आहे. शिवकन्येने छापून पाकिटात घातले, वाचले नाही. चुका असल्यास त्या यंत्राच्या नाहीत, माझ्या.

मी दिवसभर एका कुशीवर असतो. समोर दार, दारापलीकडे कोठी. पोती मोजण्याशिवाय उद्योग नाही. मुलीच्या वहीतील गुण शेजारी मांडले ते असे:

२० जून: पोती ६४, गुण ३८.
१४ जुलै: पोती ४६, गुण ५२.
१८ ऑगस्ट: पोती २८, गुण ७४.
१५ सप्टेंबर: पोती १०, गुण ९६.
१२ ऑक्टोबर: पोती ७२, गुण ४.

व्यंकटच्या टेम्पोत अठरा पोती मावतात. प्रत्येक अठरा पोत्यांना तुमचे गुण वाढले. ज्या टेम्पोतून तुम्हाला गुणांचे पत्र आले, त्याच टेम्पोतून गुणांचे कारणही आले, आणि ते तुमच्याच गावात उतरले. धान्य पाणी धरून असते. तुमची लाट भिंतीत थोडी अडते, पोत्यांत बुडते.

मुलगी रडते आहे की डबा जोडलेला असता तर. डब्याने किती फरक पडला असता ते मला माहीत नाही, तुम्हालाही माहीत नाही. ते मोजावे लागेल. तुमचे मोजमाप चुकले नाही. काय मोजायचे ते चुकले. भिंती हलत नाहीत, त्या तुम्ही मोजल्या. हलते ते सोडले. पण मी ऑगस्टमध्येच ओळखले होते आणि कोड्यात बोललो. सरळ सांगितले असते तर तुमच्या भगिनी तुळजाबाईंनी पोती लावताना विचार केला असता. त्या दुपारचा अर्धा दोष माझ्याकडे लागतो.

उत्कर्ष तीस तारखेला येतो. मला जायचे नाही. पोती घराबाहेर ठेवता येत नाहीत. उपाय तुम्हाला सुचेल, मला सुचलेला नाही.

तुम्ही आधी या. मी बोलावतो आहे.

हिंमतराव

ता. क. शाळेच्या घंटेत दोष नव्हता. घड्याळ शिपायाने लावले होते. हे मला त्याच संध्याकाळी कळले होते.

*

तेरखेडा,
४ नोव्हेंबर

ती. मामांस नमस्कार.

तुम्ही दोन दिवस राहून गेलात, त्यानंतरचं लिहिते.

थप्पीत तुम्ही सोडलेली गल्ली तशीच आहे. सव्वा हात रुंद, माझ्या टेबलापासून बाबांच्या टेबलापर्यंत सरळ. व्यंकट आणि तुम्ही बहात्तर पोती हलवत होता तेव्हा आई म्हणत होती, "येवढं शिकून शेवटी हमालीच केलीस व्हय रं?" आता आल्यागेल्याला तीच गल्ली दाखवते. एक पोतं मध्ये आलं तरी ओरडते, "मास्तरांची वाट अडवू नगंस!" गुण रोज सकाळी मोजते. त्र्याण्णव, चौऱ्याण्णव. एकदा ऐंशी आले, तर बघितलं, मांजर गल्लीत पिल्लं घेऊन बसलेलं. त्याचा दोष असेल असं वाटत नाही, पण हलवलं.

तीसला उत्कर्षदादा आला. आधी बाबांना भेटला, पाया पडला, मग पुढच्या खोलीत माझ्या शेजारी बसून म्हणाला, "शिवा, यंत्रावर माणूस सोडायचा नसतो. गॅसच्या दिवशी काय झालं?" मी उत्तर द्यायच्या आत पडद्यावर मधोमध अक्षरं आली. एकेक वाक्य, थांबून थांबून.

"उत्कर्ष, तू आठ ते आठ बाहेर."

"सूनबाई नऊ ते सात."

"तिथे चौथ्या मजल्यावर माझ्या हाकेला ओ कोण देणार?"

दादानं तिन्ही वाक्यं वाचली. तो उठून मागं गेला नाही. माझा कीबोर्ड ओढला आणि तिथूनच लिहिलं, "बाबा, जेवायला काय करायचं?" मागून लगेच आलं, "शेंगोळे. आणि गॅस बंद करायला सांग."

गाडी रिकामी गेली. जाताना दादानं गॅससाठी वास आला की बोंबलणारं यंत्र बसवून घ्यायला सांगितलंय. बाबा म्हणतात, मामाकडून करून घे.

बाबा विचारतात, आडत्याच्या तेरा डब्यांचं काय झालं?

शिवकन्या

*

कळंब,
१० नोव्हेंबर

ती. दाजींस नमस्कार.

प्रश्न तुमचा आहे म्हणून उत्तर तुम्हालाच लिहितो.

तुमच्याकडं डबा नीट जोडून, थप्पी फोडायच्या आधी घेतलेले गुण शिवकन्येच्या वहीत आहेत. बहात्तर पोती, डबा जोडलेला: नऊ. डब्याशिवाय: चार. म्हणजे डबा जोडलेला असता तरी "गॅस" पोचायची खात्री नव्हती. हे पोरीला पुन्हा एकदा सांगा, तुमचं ऐकेल.

इथं आल्यावर अमरसिंहाच्या गोदामात तीच परीक्षा घेतली. या वेळी भिंतींची जाडी टिपली नाही, पोती मोजली. रिकाम्या गोदामात शंभरला शंभर. चारशे दहा पोती लागली तेव्हा दोन. डबा दोन्ही वेळा तोच, तार एकतीस मिलिमीटर. आकडे त्याच्यासमोर ठेवले. म्हणालो, डबा नको, थप्पीत गल्ली सोडा, सव्वा हात. तो म्हणाला, "मामा, गल्ली सोडली तर चाळीस पोत्यांची जागा जाते. डबा बसवा. चालला तर चालला. गुण मोजायला कोण बसलंय?"

मी म्हणालो, मी बसलोय. आणि तेरखेड्यात एक मास्तर बसलेत.

त्यानं भाव वाढवला, त्याला वाटलं मी भावासाठी अडलोय. डबे अकरा तयार होते. ते घरी आणले. बायकोनं त्यातल्या चारांत डाळी भरल्या, तारेच्या भोकाला मेण लावून. गॅसच्या यंत्राचं काम सुरू केलं आहे. ते कुठं बसवायचं ते ठरवायला स्वयंपाकघराच्या खिडकीची उंची, चुलीपासूनचं अंतर, आणि त्या खोलीत जे जे हलतं ते सगळं लिहून पाठवा.

अमरसिंहाला दिलेल्या नकाराचा हिशेब असा आहे, तुमच्या नोंदीसाठी. तेरा डबे. एका डब्याचे साडेचार हजार. एकूण अठ्ठावन्न हजार पाचशे रुपये.

महारुद्र